चार तारांची मोटार

"दादानं आता आराम करावा," असं काका पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याच्या दुकानात चहा पीत होते. तो चहा मी तसाच खाली ठेवला आणि उठले. काकाला तोंडावर मी अहो-जाहो करते. इथे लिहिताना तेवढी गरज वाटत नाही.

दुकान वाटूर फाट्यावर आहे. जळालेल्या मोटारी भरून देण्याचं. म्हणजे मोटार उघडायची, आतली करपलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळून बसवायची. पाटीवर नाव काकाचं, गल्ल्यावर काका, आणि आत खिडकीखालच्या बाकड्यावर माझे वडील, आप्पा. काका आणि गिऱ्हाइकं त्यांना दादा म्हणतात. तीस वर्षं ते बाकडं आप्पांचं. परतूर, मंठा, पार घनसावंगीकडची माणसं टेम्पोत मोटार टाकून आणायची आणि दारातूनच विचारायची, दादा आहेत का? काका समोर बसलेला असायचा. त्याला ते कधीच आवडलं नाही आणि त्याने ते कधीच लपवलं नाही.

मग आप्पांना लकवा झाला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजव्या हाताची बोटं काही सुधारली नाहीत. तार गुंडाळायची म्हणजे एका हाताने चाक फिरवून लाकडी फर्मा, म्हणजे तार गुंडाळायचा साचा, फिरवायचा, दुसऱ्या हाताने तार ताणून धरायची आणि तोंडाने वळसे मोजायचे. बासष्ट वळसे म्हणजे बासष्टच. कमी पडले की मोटार तापते आणि आठ दिवसांत शेतकरी शिव्या देत परत येतो. आप्पांचा हात मध्येच अडकायचा, मोजणी तुटायची. दोन मोटारी परत आल्या. त्या दोन्ही काकाने दुकानाच्या पायरीवर मांडून ठेवल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. कोणी विचारलं की म्हणायचा, "दादाचा हात आता पहिल्यासारखा राह्यला न्हाई ना." आप्पा आतून ऐकायचे.

त्याने परतूरचा एक माणूस हेरून ठेवला होता. त्या बाकड्यावर त्याला बसवायचं आणि आप्पांना घरी पाठवायचं, एवढा साधा त्याचा बेत. घरी म्हणजे कुठे, तर टीव्हीसमोर. तीस वर्षं ज्या माणसाने सकाळी साडेआठला डबा घेऊन घर सोडलं, त्याला दिवसभर टीव्हीसमोर बसवलं तर तो वर्षभरात संपेल, हे मला दिसत होतं. काकालाही दिसत असणार.

"मला पोळ्यापर्यंत मुदत द्या," मी काकाला म्हणाले. "मी मशीन बनवते. मशीनच फर्मा फिरवेल आणि मशीनच मोजेल. आप्पा डाव्या हाताने नुसती तार धरतील."

"तू बनीवनार?" काका हसला. "बनव की बाई. आपलं काय जातं? पोळ्यापस्तोर बघतो, मंग मी माणूस लावनार. बिलकुल थांबनार न्हाई."

मी जालन्याला एका खासगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. स्टेपर मोटार हा माझ्या रोजच्या शिकवण्यातला धडा. साधी मोटार करंट दिला की फिरत सुटते. स्टेपर मोटार पावलापावलाने फिरते. दोनशे पावलं झाली की एक फेरा पूर्ण. बासष्ट फेरे सांगितले की बासष्ट फिरून जागच्या जागी थांबते. फक्त तिला थेट करंट देऊन चालत नाही. तिच्यात दोन कॉइल असतात आणि त्यांना पाळीपाळीने करंट देणारं एक सर्किट मध्ये लागतं. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर निवडण्यातच मी पहिल्यांदा तोंडावर आपटले.

माझ्या कपाटात एक पडलेला होता, दोन बोटांच्या पेरांएवढी लाल पट्टी. मी आणलेल्या मोटारीच्या एकेका कॉइलला जवळपास तीन अँपिअर लागत होते आणि ही पट्टी फार तर त्याच्या निम्मं देऊ शकत होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आधी मोटारीचा करंट बघा, मग ड्रायव्हर निवडा, व्होल्टच्या मागे लागू नका, असं मी वर्गात ओरडून सांगते. तरी तीच पट्टी लावली, कारण ती हाताशी होती आणि मला काकाला लवकरात लवकर गप्प करायचं होतं. वरून ॲल्युमिनियमचा तुकडा चिकटवला, छोटा पंखा लावला आणि रविवारी मशीन दुकानात नेलं.

तीसेक फेरे झकास झाले. मग पट्टी इतकी तापली की तिने स्वतःच करंट तोडला, थोडी निवली, परत चालू झाली, परत तापली. गंमत अशी की मशीनच्या डोक्याला यातलं काही कळत नाही. ड्रायव्हरला पाऊल टाक म्हटलं की त्याने टाकलंच, असं ते धरून चालतं. पडद्यावर बासष्ट आकडा आला आणि मशीन ऐटीत थांबलं. आप्पांनी डाव्या अंगठ्याच्या नखाने वळसे मोजले. एक्कावन्न.

"ही तर माझ्यावानीच मोजती," आप्पा म्हणाले.

काका गल्ल्यावरून उठून हसायला आला. पुढचा महिनाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याने ही गोष्ट सांगितली. सांगताना आप्पांच्या बोलण्याची नक्कलही करायचा, लकव्यानंतर जीभ जरा जड झाली होती तिच्यासकट. मी ते एकदा ऐकलं. एकदाच पुरलं.

मोठा ड्रायव्हर शोधायला जालन्यात दोन दुकानं फिरले. एकाने विचारलं, "मॅडम, मोटर कितने एचपी की?" मी म्हटलं, एचपी सोडा, कॉइलचा करंट विचारा. तो म्हणाला, मोटर मतलब एचपी. मी त्याला तिथेच पंधरा मिनिटं सुनावलं. शेवटी ऑनलाइन मागवला. तळहाताएवढा, धातूच्या खोक्यातला, करंट ठरवायला बाजूला बारीक खटके असलेला. तो आला आणि मला वाटलं, आता काही अडचण नाही.

मोटारीला चार तारा होत्या: लाल, निळी, हिरवी, काळी. ड्रायव्हरसोबत आलेल्या कागदावर कोणता रंग कुठे हे छापलेलं होतं. मी रंगाने रंग जोडला आणि बटण दाबलं. मोटार फिरलीच नाही. चक्कीत खडा अडकावा तशी जागेवर थरथरत गुरगुरायला लागली. मी प्रोग्रॅम बदलला, खटके बदलले, ड्रायव्हरला शिव्या दिल्या, विकणाऱ्याला शिव्या दिल्या. तारा तपासायचं मीटर जालन्याला राहिलं होतं आणि दुकानातलं काकाच्या कुठल्याशा पाहुण्याने नेलेलं होतं.

"फेज बदलून बघ ना," काका गल्ल्यावरून म्हणाला. "दोन तारा इकडच्या तिकडं कर."

"ही थ्री-फेज नाही, काका. तुम्ही तुमचं बघा."

तेव्हा आप्पा बाकड्यावरून उठून आले. मला म्हणाले, बंद कर आधी सगळं. पिन काढायला लावली. चारी तारा सोडवून मोटार मांडीवर घेतली, डाव्या हाताच्या चिमटीत लाल आणि काळ्या तारेची टोकं एकमेकांना टेकवली आणि म्हणाले, "फिरव आता तिचा दांडा." मी बोटांनी फिरवला. सैल फिरला. लाल आणि निळी. सैल. लाल आणि हिरवी टेकवली आणि दांडा माझ्या बोटांत एकदम जड झाला, कोणीतरी आतून धरल्यासारखा.

"ही एक जोडी," आप्पा म्हणाले. "राह्यलेल्या दोघीची दुसरी. कॉइल बंद झाली की जड जाती."

त्या माणसाने जन्मात स्टेपर मोटार पाहिली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझा चडफडाट झाला. काका बघत होता आणि मी, आठ वर्षं हेच शिकवणारी, रंगांवर विसंबून अर्धा रविवार वाया घालवून बसले होते.

"मला माहितीये हे," मी म्हणाले. "वर्गात शिकवते मी."

"व्हय, तुला माहीतच असंल," आप्पा म्हणाले. तरी बाकड्याकडे न जाता तिथेच उभे राहिले. मी जोड्या लावल्या, मोटार गुपचूप, सरळ फिरायला लागली. त्यांनी खोक्याला बोट लावून विचारलं, "ह्या डब्ब्यात काय राहतं गं? करंट कसा वाटून देतो हा दोघीला?"

"आप्पा, तुम्ही फक्त हिरवं बटण दाबायचं," मी म्हणाले. "बाकीचं मी बघते."

ते बरं म्हणाले.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी मी मशीन कायमचं बसवलं, आप्पांच्या बाकड्याला लागून. परतूरच्या माणसाला काकाने सोमवारी बोलावून ठेवलं होतं आणि ते मला मुद्दाम सांगितलं होतं. पहिली कॉइल भरून झाली. काकाने ती हातात घेतली आणि स्वतः वळसे मोजले. बासष्ट. त्याने परत मोजले. दुसऱ्यांदा मोजताना त्याचे ओठ हलत होते आणि एखादा तरी कमी निघावा असं त्याला किती वाटत होतं ते चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. परत बासष्टच निघाले. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि त्यातला निम्मा आनंद काकाच्या चेहऱ्याचा होता, हे कबूल करते.

पायरीवर एक शेतकरी आपल्या मोटारीची वाट बघत बसला होता. संध्याकाळपर्यंत मिळेल, असं त्याला सांगायला मी बाहेर गेले. त्याने विचारलं, दादाच भरणार ना? मी म्हटलं, दादाच. हे जरा मोठ्याने म्हटलं. पाच मिनिटं झाली असतील नसतील.

आत आले तेव्हा ड्रायव्हरचा हिरवा दिवा विझलेला होता आणि बारीकसा, आंबूस जळका वास येत होता. मशीनच्या टेबलापाशी काका उभा. टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर पडलेला. मोटारीची एक तार ड्रायव्हरमधून सुटून लोंबत होती.

मी काकावर तुटून पडले. हात कशाला लावला? बघवत नव्हतं का तुम्हाला? सहा महिने टपून बसलात, आता तेवढंच उरलं होतं का? काका म्हणाला, "म्या हात न्हाई लावला." मी म्हटलं, खोटं बोलू नका. शेतकरी दारात येऊन उभा राहिला.

"म्या सोडली तार," आप्पा बाकड्यावरून म्हणाले. "उलटी फिरून राह्यली होती."

आणि ते खरंच होतं. आप्पा आता डाव्या हाताने तार धरत होते. तार डावीकडून येणार, म्हणजे फर्मा दुसऱ्या बाजूने फिरायला हवा. माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं. मग त्यांनी तेच केलं जे त्या दुकानात रोज होतं, जे तीस वर्षं त्यांनी केलं होतं: मोटार उलटी फिरली की दोन तारांची अदलाबदल.

"मशीन चालू असताना?" मी ओरडले.

"कुठं चालू होती? उभी होती की."

त्या दुकानात उभी मोटार म्हणजे करंट नसलेली मोटार. स्टेपरचं तसं नाही. ती थांबलेली असते तेव्हाही तिच्यातून पूर्ण करंट वाहत असतो. तोच दांडा जागेवर धरून ठेवतो. तेव्हा तार सोडली की कॉइलमधला करंट कुठे जाणार? उसळून ड्रायव्हरमध्ये परत येतो आणि ड्रायव्हर मरतो. क्षणाचं काम. हे मी पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहिते आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावते.

"हात गेला तो गेला," मी म्हणाले, "आता डोकंही गेलं का तुमचं?"

काकाने खाली बघितलं. काकाने, ज्याने महिनाभर त्यांची नक्कल केली होती. दारातल्या शेतकऱ्याने उगाच पायरीवरच्या मोटारीकडे मान वळवली. आप्पांनी डावा हात फडक्याला पुसला, खुंटीवरची टोपी घेतली, ती एका हाताने नीट बसवायला त्यांना वेळ लागला, आणि डबा उचलून ते निघाले. खिडकीतून रस्ता दिसतो. पाय ओढत ते बसथांब्याच्या पुढे गेले आणि वळले. मी त्यांच्या मागे गेले नाही. मी ड्रायव्हरचं खोकं उघडून काय जळलं ते बघत बसले.

सोमवारी परतूरचा माणूस आला आणि बाकड्यावर बसला. काका सहा महिने जे करू बघत होता ते मी एका वाक्यात करून दिलं होतं. त्याला आप्पांना काही म्हणावंच लागलं नाही.

नवा ड्रायव्हर यायला आठ दिवस लागले. तरी मी हट्टाने मशीन पूर्ण केलं. अजून मला वाटत होतं की ते चालायला लागलं की आप्पा येतील. दिशा बदलायला तारा सोडाव्या लागतच नाहीत, प्रोग्रॅममध्ये एका ओळीचं काम असतं. मी एक खटका बसवला, डावीकडे आणि उजवीकडे. आणि ड्रायव्हरच्या खोक्यावर कागद चिकटवला: मशीन चालू असताना मोटारीची तार सोडू नये. मोटार उभी असली तरी.

काका जवळ आला आणि त्याने ते मोठ्याने वाचलं, एकेक शब्द सुटा करून.

"हे आधी कामून न्हाई लावलं?" तो म्हणाला.

मी कागदाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला.

"टेस्टर लावला होता दादानं," काका म्हणाला. "माझ्यासमोर. चारी तारांला एकेक करून लावला. दिवा लागला न्हाई, तवा स्क्रू सोडला."

म्हणजे टेबलावर पडला होता तो साधा स्क्रू-ड्रायव्हर नव्हता, आप्पांचा टेस्टर होता, पिवळ्या मुठीचा, त्यांच्या खिशात मी लहानपणापासून बघितलेला. त्यातला दिवा घरातल्या, पंपाच्या करंटवर लागतो. मशीन चोवीस व्होल्टवर चालत होतं. चोवीस व्होल्टवर तो दिवा कधीच लागत नाही. त्या माणसाने एकूण एक काळजी घेतली होती, त्याला माहीत असलेली.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलू दिलं का कोनाला?" काका म्हणाला. "दुनियेला शिकीवतीस तू जालन्यात. त्याला एकदा बसून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

काकाचा मला आजवर जितका राग आला होता त्या सगळ्याहून जास्त त्या दिवशी आला, कारण तो बरोबर बोलत होता. आणि तो बरोबर बोलतोय याचा त्याला आनंद होत होता. परतूरचा माणूस खाली मान घालून तार धरून होता. चांगला माणूस आहे, कामाला पक्का. मशीनने बासष्ट मोजले आणि थांबलं.

मी तशीच घरी गेले. आप्पा टीव्हीसमोर बसले होते. मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि सगळं सांगितलं. टेस्टरचा दिवा का लागला नाही, थांबलेल्या मोटारीतही करंट कसा राहतो, तार सुटल्यावर तो कुठे जातो. चूक माझी होती आणि मी जे बोलले ते बोलायला नको होतं, हेही सांगितलं. शेवटचं त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आधीचं मात्र नीट ऐकलं.

"म्हंजे उभी राह्यली तरी दोनी कॉइलीत करंट?"

"हो."

"मंग उभ्या-उभ्या तापत असंल ती."

"तापते. म्हणून थांबल्यावर करंट निम्मा करायचा एक खटका असतो ड्रायव्हरला."

"तो लावला का?"

लावला नव्हता. त्यांना ते सगळं कळायला पाच मिनिटं लागली. चार महिन्यांत मी त्यांना पाच मिनिटं दिली नव्हती.

"त्या परतूरवाल्याला सांगितलं का हे?" त्यांनी विचारलं.

"कागद लावलाय."

"कागद कोन वाचतं? तोंडानं सांग. त्योबी टेस्टरच लावंल."

"मग तुम्हीच चला ना उद्या," मी म्हणाले. "तुम्हीच सांगा त्याला. बाकडं कुठं जात नाही, आप्पा. मी काकाशी बोलते."

आप्पांनी टीव्हीकडे बघितलं. मग डाव्या हाताने रिमोट उचलला.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "तिथं आता काय हिरवं बटन दाबायला येऊ?"